आधी कुंकू, मग छपाई

ब्रह्मदेवाने सृष्टीचा आराखडा छापायचं काम आमच्या साडूंकडे दिलं असतं, तर सृष्टी अजून निर्माण व्हायचीच होती. मनाजोगता कागद मिळत नाही म्हणून ब्रह्मदेव सोलापूरच्या नवी पेठेतल्या स्टेशनरीच्या दुकानांतून साडूंच्या मागे पिशवी धरून हिंडत असता. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मी दाजी म्हणतो, आणि आता त्यांच्या गल्लीतला दूधवालासुद्धा दाजीच म्हणतो. माणूस अतिशय प्रेमळ. आजारी पडाल तर उशाशी बसून राहतील, घर बदलाल तर कपाट खांद्यावर घेतील. पण त्यांच्याकडे घरचा प्रिंटर आहे एवढ्यावर विसंबून कुणी ‘दाजी, एक पान छापून द्या’ असं म्हणू नये. मी म्हणत आलो, आणि त्यापायी माझ्या कितीतरी सुट्ट्या त्यांच्या बैठकीच्या खोलीत कागदाचे कोपरे चोळण्यात गेल्या.

दाजी मूळचे मंगळवेढ्याकडचे. तरुणपणी ज्वारीच्या रानातून उठून सोलापुरात आले, टॉवेल-चादरींच्या एका कारखान्यात माल तपासायला लागले आणि निवृत्त होईपर्यंत तेच करत राहिले. गठ्ठ्यातला एक टॉवेल ओढायचा, उजेडासमोर धरायचा, ताणायचा, ओल्या फडक्याने घासून रंग उतरतो का बघायचं, वजन करायचं आणि ‘पास’ म्हणून ओरडायचं. एक पास झाला की अख्खा गठ्ठा पास. नोकरी संपली, पण हाताची सवय गेली नाही. लग्नात कुणी मानाचा टॉवेल-टोपी दिली तर देणाऱ्याकडे बघण्याआधी ते टॉवेलाच्या काठाकडे बघतात. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात मी एकदा मोठ्या हौसेने त्यांना पुढच्या रांगेत बसवलं होतं. ऐनवेळी एक ज्येष्ठ नागरिक कमी पडला म्हणून मुख्याध्यापकांनी प्रमुख पाहुण्यांना शाल घालायला दाजींनाच वर बोलावलं. दाजींनी शालीचा कोपरा उलटा केला, एक धागा ओढून पाहिला आणि माइकसमोरच पाहुण्यांना म्हणाले, “पॉलिस्टर हाय सायब. उन्हाळ्यात अंगावर घेऊ नका.” पाहुणे हसले, टाळ्याही झाल्या, पण मुख्याध्यापक तेव्हापासून माझ्याशी जरा जपूनच बोलतात.

अशा माणसाच्या घरी प्रिंटर आला तो त्यांच्या एकुलत्या एका मुलीमुळे, पल्लवीमुळे. ती पुण्यात नोकरीला लागली आणि पहिल्या पगारात तिने वडिलांना शाईच्या टाक्यांचा एक छोटा प्रिंटर घेऊन दिला. निवृत्त माणसाला सरकार स्वस्थ बसू देत नाही. हयातीचा दाखला आण, आधारची प्रत आण, त्या प्रतीची प्रत आण. पप्पांनी उन्हातान्हात झेरॉक्सच्या दुकानासमोर उभं राहू नये एवढीच तिची इच्छा. प्रिंटर लावून, चारही रंगांत स्वतःचं नाव छापून दाखवून ती परत गेली, आणि दुसऱ्या दिवशी दाजी कागद आणायला नवी पेठेत गेले. मी बरोबर होतो म्हणून पुढचं सांगू शकतो.

कागदाच्या गठ्ठ्यावर जीएसएम असं लिहिलेलं असतं. एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम, त्याचा तो आकडा. आता टॉवेलालाही हाच जीएसएम असतो, आणि टॉवेलाच्या जगात आकडा जितका मोठा तितका माल भारी. हे सोलापुरात पोरासोरांनाही ठाऊक असतं. तेव्हा गठ्ठ्यावरची ती तीन अक्षरं दिसताच दाजींना परगावात गाववाला भेटल्याचा आनंद झाला.

“चारशे जीएसएम दाखवा,” त्यांनी दुकानदाराला सांगितलं.

“काका, छापायचंय काय?”

“गॅसचं बिल.”

“मग सत्तर घ्या, पंच्याहत्तर घ्या. ऐंशी म्हणजे एकदम भारीतलं झालं.”

“सत्तर जीएसएमची आमच्याकडं मच्छरदाणी बी होत न्हवती,” दाजी म्हणाले. “माल दावायचा नसंल तर तसं सांगा की.”

दुकानदार गल्ल्यावरच्या भावाला तेलुगूत काहीतरी म्हणाला, दोघे हसले, आणि त्यांनी दुकानातला सगळ्यात जाड पुठ्ठ्यासारखा कागद काढून दिला. प्रिंटरने तो निम्मा गिळला आणि अडकित्त्यात अख्खी सुपारी अडकावी तसा आवाज करून थांबला. मग एका बाजूने दाजी आणि दुसऱ्या बाजूने अक्का, म्हणजे माझी मेहुणी, असे दोघे चादर झटकायला उभं राहावं तसे तो कागद ओढत राहिले. अक्कांनी तिथल्या तिथे पल्लवीला फोन लावला. पलीकडून एवढंच ऐकू आलं, “पप्पा, तो टॉवेल नाहीये!” जाड ते चांगलं, हा आयुष्यभराचा सिद्धांत त्या दिवशी मोडला. दाजींना ते फार लागलं. रात्री ते जेवले नाहीत असं अक्का सांगत होत्या, पण मला वाटतं थोडं जेवले असावेत.

मोडलेल्या सिद्धांताच्या जागी दाजींनी लवकरच नवा उभा केला: कागद जाड की पातळ हे छपाईवर नव्हे, माणसावर अवलंबून असतं. त्यांच्या घरी कागदांचे वेगवेगळे गठ्ठे आले. मी रेल्वेचं तिकीट छापायला गेलो की माझी उलटतपासणी सुरू व्हायची. “कुटवर जायचं?” पुण्याला. “आरक्षण हाय?” आहे. “मग पंच्याहत्तर बास. टीसी एकदाच बघतो.” आमच्या सासूबाई काशीला निघाल्या तेव्हा मात्र त्यांनी शंभरचा कागद काढला, कारण गंगेत हात ओले करून म्हातारी कागद दाखवणार. अर्जांची तर त्यांनी वर्णव्यवस्थाच लावली होती. तलाठ्याला पातळ, तहसीलदाराला मध्यम, कलेक्टरला जाड. “पातळ कागदावर अर्ज दिला की सायब त्यो पंख्याखाली ठेवतो, अन् अर्ज उडून जातो,” ते मला समजावून सांगत. “सरकारात कामं का हुईनात? हे कारण हाय. लोकांना वाटतं पैसे खात्यात.” मी माझ्या बदलीचा अर्ज त्यांच्या सल्ल्याने कलेक्टरी कागदावर दिला होता. तो उडाला नाही हे खरं. तो अजून तिथेच आहे.

कागद निवडायची त्यांची रीतही पाहण्यासारखी. सुटं पान दोन बोटांत धरून कानाशी फडफडवायचं. मग वास घ्यायचा. मग उजेडात धरून एक डोळा मिटायचा. मग कोपरा उभा फाडायचा, आडवा फाडायचा, आणि कुठून सरळ फाटतो त्यावरून कागदाचा ताणा, म्हणजे उभा धागा, कुठला न् बाणा, म्हणजे आडवा, कुठला ते ठरवायचं. कागदाला ताणाबाणा नसतो असं मी एकदा म्हणालो. दाजींनी माझ्याकडे ज्या दयेने पाहिलं, त्या दयेने मी वर्गातल्या नापास मुलांकडेही कधी पाहिलेलं नाही. नवी पेठेतले दुकानदार त्यांना लांबून ओळखू लागले होते. दाजी कोपऱ्यावर दिसले की फोडलेली रिमं आत जात आणि सीलबंद रिमं बाहेर येत.

शाईचं प्रकरण याहून अवघड. शाईच्या बाटल्या घेताना दाजी दुकानदाराला एकच प्रश्न विचारत, “रंग जातो का?” साडीच्या दुकानात हजारदा ऐकलेला हा प्रश्न शाईच्या दुकानात प्रथमच आल्यामुळे दुकानदार गांगरून “गॅरंटीचा आहे काका” असं म्हणून गेला. गॅरंटी म्हटल्यावर तपासणं आलं. त्यासाठी दाजींना छापलेलं एक पान हवं होतं आणि दुर्दैवाने त्याच सकाळी मी माझा रक्ताचा रिपोर्ट त्यांच्याकडे छापायला पाठवला होता. तो त्यांनी काळ्या शाईत छापला, साबणाच्या पाण्यात भिजवला, ओल्या पांढऱ्या फडक्याने घासला आणि अक्कांची साडी आणि उशांचे अभ्रे यांच्या मधोमध गच्चीवर चिमटा लावून वाळत घातला. समोरच्या काकू कुरडया वाळत घालायला वर आल्या होत्या. दुपारपर्यंत माझी साखर किती हे साऱ्या गल्लीला कळलं. आजही त्या गल्लीत मला कुणी गोड चहा देत नाही. दाजींना मात्र माझ्या साखरेचं काही वाटलं नव्हतं. त्यांचा फोन आला तोच आनंदाने थरथरत, “मास्तर, अक्षर हललं न्हाय! शाई पक्की हाय. पास!”

या प्रिंटरला आणखी एक खोड होती. चार दिवस वापरला नाही तर शाई सोडणारी केसासारखी बारीक भोकं, ज्यांना नोझल म्हणतात, ती वाळून बंद होतात. त्यात सोलापूरचा उन्हाळा. इथे माणसाचा घसा वाळतो तिथे नोझलची काय कथा! म्हणून दाजींनी प्रिंटरशेजारी पाण्याने भरलेलं मडकं ठेवलं आणि रोज एक पान काढायचा नेम धरला. सकाळी अंघोळ, देवपूजा, मग प्रिंटर. चारही रंगांचे पट्टे आणि त्याखाली, पल्लवी पहिल्या दिवशी छापून गेली होती तसंच, तिचं नाव. पान उजेडात धरून ते मोठ्याने ‘पास’ म्हणत आणि अक्कांच्या हवाली करत. अक्का ते पापडाच्या डब्यात तळाशी घालत. एकदा दाजी भावकीतल्या लग्नासाठी मंगळवेढ्याला गेले, तर घराची किल्ली माझ्याकडे. दुपारी फोन. मला वाटलं खुशाली विचारतील. “पान काढलं का?” एवढंच विचारून त्यांनी फोन ठेवला.

आणि मग पल्लवीचं लग्न ठरलं. मुलगा माढ्याचा, घरचा चांगला, पण नोकरी पार चंदीगडला. चंदीगड म्हटल्यावर अक्कांनी “तितं ज्वारी मिळती का?” एवढं विचारलं आणि आत निघून गेल्या. दाजींनी प्रिंटरवरची धूळ पुसली. थोड्या वेळाने त्यांनी जाहीर केलं की पत्रिका घरीच छापायची.

घरात एकच गदारोळ झाला. “वरपक्षाची पत्रिका चकचकीत सोनेरी आलीय, अन् आपली काय गॅसच्या बिलावानी?” असं अक्कांचं म्हणणं. माझी बायको बहिणीच्या बाजूने. मी नेहमीप्रमाणे दोन्ही बाजूंनी. पण पल्लवीने फोनवर निकाल दिला. “पत्रिका पप्पांच्याच हातची पाहिजे. बाहेरून छापलीत तर मी बोहल्यावर चढणार नाही.” ती हसत म्हणाली, पण दाजींनी ते हसत घेतलं नाही. त्या पोरीने पहिल्या पगारातून घेतलेल्या प्रिंटरवर तिचीच पत्रिका निघणार, आणि मग पोर चंदीगडला जाणार. आयुष्यभर दुसऱ्यांचा माल पास करणाऱ्या माणसाचा हा स्वतःचा पहिला माल होता. तो त्यांना निर्दोष हवा होता. अक्कांची अट एकच, पहिली पत्रिका ग्रामदैवत सिद्धेश्वरापुढे ठेवल्याशिवाय दुसरी घराबाहेर पडायची नाही. गुरुजींनी त्यासाठी दिवस काढून दिला.

त्या दिवसापर्यंतचा काळ दाजींनी कागद निवडण्यात घालवला हे सांगायला नकोच. एक कागद फार पांढरा, ‘दवाखान्यावानी’. एक फार गुळगुळीत, शाई त्यावर बसायच्या आधी घसरते. एकाला वास होता. पाहुण्यांचे फोन येऊ लागले, “अजून पत्रिका न्हाय आली, लग्न हाय न्हवं?” शेवटी सायीच्या रंगाचा, प्रिंटर पोटात घेईल इतपत जाड असा एक कागद पास झाला. दाजींनी मजकूर काळ्या शाईत छापून पहिला नमुना अक्कांपुढे धरला. अक्का किंचाळल्याच. “काळ्या अक्षरात पत्रिका? अवो, लग्नाला बोलावताय का तेराव्याला?”

त्यांचं चूक नव्हतं. लग्नाच्या पत्रिकेत कुणी काळं वापरत नाही. ठरलं, अक्षरं तांबडी. मी म्हणालो, “दाजी, तांबडी शाई धुऊन बघितली नाही आपण.” दाजी हसले. “मास्तर, चारी बाटल्या एका कंपनीच्या, एका खोक्यातल्या. गठ्ठ्यातला एक पास केला की गठ्ठा पास.” आणि त्यांनी सगळ्या पत्रिका छापल्या. सुंदर छापल्या, खरंच. वर गणपती, मधोमध ठसठशीत ‘चि. सौ. कां. पल्लवी’, खाली आम्हा निमंत्रकांची नावं. प्रत्येक पत्रिका त्यांनी उजेडात धरली.

काळी शाई आणि रंगीत शाई या दोन वेगळ्या जातीच्या असतात, काळी पाण्याला दाद देत नाही आणि रंगीत पाणी दिसलं की पळत सुटते, हे आम्हाला सिद्धेश्वराला जायच्या सकाळी कळलं. आम्ही सगळे नवे कपडे घालून जमलो होतो. अक्कांनी वाटीत कुंकू कालवलं आणि पहिल्या पत्रिकेच्या चारी कोपऱ्यांना बोटं लावली. त्यांच्या माहेरी वधूच्या नावालाही बोट लावायची रीत आहे. त्यांनी कुंकवात बुडवलेलं बोट पल्लवीच्या नावाला लावलं, आणि आमच्या डोळ्यांदेखत ते नाव विरघळलं. आधी वेलांटी गेली, मग सगळीच अक्षरं एकमेकांत मिसळून खाली ओघळली.

अक्का तिथेच खाली बसल्या. “पोरीचं नाव पुसलं की वो,” त्या म्हणाल्या आणि रडू लागल्या. मी शिकलेला माणूस, मुलांना विज्ञान शिकवतो, पण तो ओघळ पाहून मीही मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं, खोटं कशाला सांगू? दाजींनी गठ्ठ्यातली दुसरी पत्रिका घेतली. पांढरं फडकं ओलं केलं. घासलं. फडक्याकडे बघितलं. मग तिसरी. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी तो शब्द ऐकला नव्हता, तो त्यांनी स्वतःच्या मालाबद्दल अगदी हळू उच्चारला. “फेल,” ते म्हणाले आणि गठ्ठा उचलून आत घेऊन गेले.

मग सल्ल्यांना ऊत आला. मी एका छापखान्याला फोन केला, तर त्यांच्याकडे लग्नसराईचं काम ओसंडत होतं. माझी बायको म्हणाली, कोरडं कुंकू लावू. ते लावलं आणि फुंकरीसरशी उडालं. समोरच्या काकूंनी लॅमिनेशन सुचवलं. पल्लवीला फोन गेला. ती म्हणाली, “पप्पा, जाऊ दे. बाहेरून करा. मी चढते बोहल्यावर.” दाजींनी फोन अक्कांकडे दिला. ‘जाऊ दे’ हा शब्द त्यांना कुंकवाच्या ओघळापेक्षा जास्त झोंबला असावा. ते खिडकीपाशी उभे राहिले. मग एकदम वळून मला म्हणाले, “मास्तर, ताण्याला खळ कवा लावत्यात? विणायच्या आधी का मागनं?”

खळ म्हणजे सुताला लावायची कांजी. मी अंदाजानेच म्हणालो, “आधी.”

“मग!” दाजी म्हणाले. “ओलं काम आधी, माल मागनं. अगं, कोऱ्या कागदाला कुंकू लाव!”

आणि मे महिन्याच्या त्या भर दुपारी आम्ही सायीच्या रंगाचे कोरे कागद घेऊन गच्चीवर चढलो. अक्का आणि माझी बायको कोपऱ्यांना बोटं लावत होत्या, नावाची जागा अंदाजाने धरून तिथेही एकेक टिकली ठेवत होत्या, आणि आम्ही दोघे साडू कागद मांडून त्यांवर खडे ठेवत होतो. सोलापूरच्या उन्हाला मी जन्मभर शिव्या दिल्या, पण त्या दिवशी त्याने आमची लाज राखली. शेवटचा कागद मांडेपर्यंत पहिला वाळून कमानीसारखा वाकला होता. मग ते सपाट व्हावेत म्हणून गादीखाली घातले आणि त्या गादीवर आम्ही दोघे आळीपाळीने पडलो. नोकरीत एवढी उपयुक्त झोप मी कधीच घेतली नव्हती.

प्रिंटरने कुरकुरत एकेक कागद ओढला. अक्षरं कोरड्या कुंकवावर नीट बसली. अंदाजाची टिकली मात्र प्रत्येक वेळी नावावर पडली नाही. काही पत्रिकांत ती मंगल कार्यालयाच्या पत्त्यावर पडली, काहींत माझ्या नावावर, आणि एका गठ्ठ्यात तर ‘कृपया आहेर आणू नये’ या ओळीला कुंकू लागलं. ती ओळ इतकी पवित्र झाल्यामुळे की काय, त्या पाहुण्यांनी ती अक्षरशः पाळली. सिद्धेश्वरासाठी दाजींनी निवडून घेतलेल्या पत्रिकेवर टिकली बरोबर ‘पल्लवी’च्या डोक्यावर होती. दिवस मावळायच्या आत आम्ही देवळात पोचलो. पत्रिका देवापुढे ठेवून अक्कांनी हात जोडले. दाजींनीही जोडले, आणि पुटपुटल्यासारखे ओठ हलवले. ते ‘पास’ म्हणाले असावेत.

लग्न थाटात झालं. पाठवणीच्या वेळी सगळे रडले. दाजी जावयाच्या उपरण्याचा काठ बोटांनी चाचपत उभे होते. पल्लवी वाकून नमस्कार करून उठली, तेव्हाही त्यांनी काठ सोडला नव्हता. बिचारा जावई मान वाकडी करून तसाच थांबला.

कुंकवाचा परिणाम मागाहून कळला. कागद ओढणाऱ्या रबरी रुळाला कुंकू बसलं होतं, आणि त्या प्रिंटरमधून निघणाऱ्या प्रत्येक पानाच्या डाव्या कोपऱ्यावर गुलाबी बोट उमटू लागलं. मी कार्यालयात एक अर्ज दिला तर कारकून म्हणाला, “सर, कुणाचं लग्न?” अक्कांच्या वीजबिलालाही कुंकू, दाजींच्या हयातीच्या दाखल्यालाही कुंकू. ओल्या फडक्याने एकदा पुसलं की काम संपेल, असं मी दाजींना दोन-तीनदा सुचवलं. कागदावरचा राईएवढा ठिपका खपवून न घेणारा हा माणूस दर वेळी “बघू की” म्हणायचा. मला वाटलं, वय झालं, कंटाळा आला असेल.

परवा, गौरी-गणपती होऊन गेल्यावर, मी रजेचा अर्ज छापायला गेलो. दाजींनी मोबाइलवर अर्ज वाचला आणि म्हणाले, “मास्तर, आज बाहेरनं काढून घ्या की.”

मला कानांवर विश्वास बसेना. दाजी मला झेरॉक्सच्या दुकानात पाठवत होते! मी कोपऱ्याकडे पाहिलं. प्रिंटरवर एक जाडजूड टॉवेल घातलेला होता, निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने दिलेला, परदेशात जाणाऱ्या मालातला. शेजारचं मडकं रिकामं होतं.

“बिघडलाय का?”

“न्हाय.”

“मग रोजचं पान?”

“बंद केलंय.”

“दाजी, नोझल वाळतील ना!”

“वाळू द्यात,” ते म्हणाले. मग खाली बघत, टॉवेलाचा काठ सारखा करत बोलू लागले. “रोज पान काढायचो, तवा कोपरा बघायचो. पयल्यांदा चांगलं तांबडं उठायचं. मग गुलाबी झालं. आता पार डोळ्यापाशी धरावं लागतंय. दरेक पानासंगं थोडं थोडं जातंय की वो ते. आणखी चार काढली तर काय ऱ्हाणार न्हाय.” मग म्हणाले, “दिवाळसणाला येणार हाय ती. तिच्यासमोर एक पान काढतो. तिला दावतो, अन् मग तुमी म्हणताय तसा रूळ पुसून टाकू. तवर ऱ्हायला पायजे.”

स्वयंपाकघरात अक्कांच्या भांड्यांचा आवाज थांबला होता. चहा आला, बिनसाखरेचा, तो घेतला आणि निघालो. कोपऱ्यावरच्या दुकानात अर्ज छापून घेतला. पान अगदी स्वच्छ, पांढरं आलं. सवयीने मी त्याचा डावा कोपरा उजेडात धरला. तिथे काहीच नव्हतं, आणि ते पान खिशात घालताना मला फार चुकल्यासारखं वाटलं.